खोक्यातला केक आणि खोक्यावरची बाई

अमेरिकेत घरच्या वाढदिवसाला, शाळेच्या कार्यक्रमाला, चर्चमधल्या जेवणाला किंवा मयतीनंतर जमलेल्या माणसांना जो केक वाढला जातो, तो पुष्कळदा थरांचा, नक्षीदार केक नसतो. तो असतो चपटा आणि आयताकृती. त्याला शीट केक म्हणतात. ९ इंच रुंद आणि १३ इंच लांब असे पसरट भांडे घ्यायचे. दुकानातून आणलेले तयार मिश्रणाचे खोके फोडायचे, त्यात ३ अंडी, तेल आणि पाणी घालून दोनेक मिनिटे घोटायचे आणि १८० अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेल्या ओव्हनमध्ये अर्धा तास ठेवायचे. मध्ये काडी खुपसायची. कोरडी निघाली की झाले. वरून लोणी-साखरेचा लेप द्यायचा आणि भांड्यातच कापायचा. माणसे वाढली तर चौकोन लहान करायचे, एवढाच काय तो हिशेब.

या केकला नाके मुरडणारे तिथेही कमी नाहीत. खोक्यातला केक म्हणजे आळशी बाईचा केक, असा त्यांचा शेरा असतो. आम्ही विचारतो, दिवसभर दुसऱ्याच्या नोकरीत राबून आलेल्या बाईने रात्री मैदा चाळत बसायचे आणि केक बसला तर वर टोमणेही ऐकायचे? 'हाताची चव' वगैरे गोष्टी फार करून त्यांनाच सुचतात, ज्यांच्या घरी हात दुसऱ्याचे असतात. खोक्याने प्रमाण छापून टाकले. ज्याला वाचता येते त्याला केक येतो.

पिट्सबर्गच्या पी. डफ अँड सन्स या काकवीच्या व्यापाऱ्यांनी १९३० मध्ये अशा मिश्रणाच्या पेटंटसाठी अर्ज केला. काकवी वाळवून पिठात मिसळायची, अंड्याची भुकटीही त्यातच. घरी फक्त पाणी घालायचे. पुढे १९३५ च्या पेटंटात ताजी अंडी बाईने घालावीत असा बदल झाला. आता जाहिरातवाले सांगतात ती कथा पाहा. १९५० च्या दशकात अर्न्स्ट डिख्टर या मानसशास्त्रज्ञाने म्हणे शोध लावला की, आयता केक करताना बायकांना अपराधी वाटते, सबब अंडे फोडण्याचे काम त्यांच्याकडे ठेवा; आणि मग खप वाढला! अंडे तर दीड-दोन दशके आधीच आले होते. शिवाय भुकटीपेक्षा ताजे अंडे बरे, हे सांगायला मानसशास्त्रज्ञ कशाला लागतो?

आता खोक्यावरच्या बाईकडे येऊ. जनरल मिल्स कंपनीचे केकचे मिश्रण १९४७ मध्ये बाजारात आले ते बेटी क्रॉकर या नावाने. ही बाई कधी जन्मलीच नाही. ग्राहकांच्या पत्रांना उत्तरे देण्यासाठी एका पीठ कंपनीने १९२१ मध्ये हे नाव तयार केले. तिची सही ठरवली, १९३६ मध्ये चित्र काढून घेतले. गोरी, नीटनेटकी गृहिणी. १९४५ मध्ये फॉर्च्युन मासिकाने तिला लोकप्रियतेत एलिनॉर रूझवेल्ट यांच्या खालोखाल स्थान दिले.

तिच्याही आधी, १८८९ मध्ये, पॅनकेकचे तयार पीठ निघाले होते. त्याचे नाव आंट जेमायमा. ही भूमिका करायला कंपनीने नॅन्सी ग्रीन यांना उभे केले. त्या केंटकीत गुलामीत जन्मलेल्या. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्यांनी गर्दीसमोर पॅनकेक भाजून दाखवले. पण खोक्यावर गोरी बाई सल्ला देणारी झाली आणि काळी बाई हसतमुख मोलकरीण. यातला 'आंट' हा शब्दही मावशी-काकूच्या मायेचा नव्हे. दक्षिणेतले गोरे वयस्क काळ्या बाईला 'मिसेस' म्हणायचे नाकारत, म्हणून आंट. गावात पांढऱ्या केसांच्या आपल्या बायांना वरच्या आळीतल्या पोरासोरांनी एकेरी हाक मारलेली ज्यांनी ऐकली आहे, त्यांना हे फोड करून सांगायला नको.

ते नाव आणि ते चित्र कंपनीने २०२१ मध्ये बदलले. नॅन्सी ग्रीन १९२३ मध्ये शिकागोत मोटारीच्या अपघातात वारल्या होत्या. त्यांच्या थडग्यावर नावाचा दगड बसला तो २०२० मध्ये.