अंथरुणातील धूळ आणि ॲलर्जी

घरातील धुळीमुळे येणाऱ्या शिंका आणि उसळणारा दमा यांचे मूळ बहुतेकदा जमिनीवर नव्हे, तर अंथरुणात असते. नेदरलँड्समधील लायडन येथे फूरहोर्स्ट, स्पीक्स्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1960 च्या दशकात दाखवून दिले की, धुळीतील ॲलर्जीकारकांचा, म्हणजे शरीराच्या प्रतिकारयंत्रणेला विनाकारण चिथावणाऱ्या प्रथिनांचा, एक प्रमुख उगम ‘माइट’ हा कोळ्यांच्याच अष्टपाद वर्गातील, सुमारे 0.3 मिलिमीटर लांबीचा जीव आहे. तो चावत नाही. माणसाच्या त्वचेच्या गळून पडलेल्या कणांवर जगतो आणि पाणी पीत नसल्यामुळे हवेतील बाष्प शोषून घेतो, म्हणूनच हवेची सापेक्ष आर्द्रता दीर्घकाळ 50 टक्क्यांखाली राहिल्यास तो तगत नाही, उलट कोकणातला पावसाळा त्याला चांगलाच मानवतो.

खरा उपद्रव त्याच्या विष्ठेतील प्रथिनांचा असल्यामुळे केवळ माइट मारून भागत नाही (उन्हात टाकलेली गादी कोरडी होते, प्रथिने मात्र बरीचशी तिच्यातच राहतात). चादरी व अभ्रे दर आठवड्याला 60 अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात धुतल्यास माइट मरतात आणि प्रथिनेही बहुतांशी वाहून जातात, तर गादी-उशांना घट्ट विणीची, चेन असलेली खोळ घातल्यास आतील कण सहसा बाहेर पडत नाहीत. कोरड्या केरसुणीने जोरजोरात झाडणे ही तर सफाईची सर्वांत वाईट रीत होय, कारण त्यामुळे बसलेले कण पुन्हा हवेत उडून काही काळ तरंगत राहतात. ओल्या फडक्याने पुसणे केव्हाही बरे. दम्याच्या रुग्णाने झाडलोट चालू असताना त्या खोलीत थांबू नये.