निलंग्याहून मुंबईत एका दिवसाचं काम? हॉटेलआधी रिटायरिंग रूम बघा

निलंग्यात रेल्वे स्टेशन नाही. मुंबईत दवाखाना किंवा मुलाखत असली की आधी लातूर गाठायचं, मग रात्रीची लातूर-मुंबई एक्सप्रेस. गाडी सकाळी पोहोचते, परतीची पुन्हा रात्रीच. मधल्या वेळेत अंघोळीला आणि जरा पाठ टेकायला जागा हवी. स्टेशनजवळची हॉटेलं बऱ्याचदा तेवढ्यासाठी पूर्ण दिवसाचं भाडं घेतात.

रेल्वेची रिटायरिंग रूम स्टेशनातच असते, 12 तासांसाठीही मिळते. आयआरसीटीसीच्या वेबसाइटवर पीएनआर टाकून बुकिंग होतं. तिकीट मात्र कन्फर्म किंवा आरएसी हवं. वेटिंगवाल्यांना खोली नाही. शिवाय तिकीट जिथून किंवा जिथपर्यंत आहे, त्याच स्टेशनची खोली मिळते. म्हणजे दादरपर्यंतचं तिकीट काढून सीएसएमटीची खोली मागता येत नाही. खोल्या मोजक्याच, त्यामुळे तिकीट कन्फर्म होताच बुक करा.