नौकांचा हिवाळी मुक्काम

ब्रिटन, आयर्लंड आणि अमेरिकेचा ईशान्य किनारा येथील शिडाच्या नौकांचे बहुतेक क्लब वर्षातील पाच-सहा महिने नौकाविहाराविना काढतात, आणि या संस्थांची खरी ओळख करून घ्यायची असेल तर ती याच महिन्यांत करून घ्यावी लागते. उन्हाळ्यात प्रत्येक नौका आपापल्या वाटेने जाते. मालक आणि दोन-चार सोबती एवढेच तिचे जग असते. थंडीच्या तोंडावर मात्र नौका पाण्याबाहेर काढणे, ती जमिनीवर तोलून उभी करणे आणि वसंतापर्यंत तिच्यावर लक्ष ठेवणे ही कामे एकट्याच्या आवाक्याबाहेरची असल्यामुळे सभासदांना एकमेकांची गरज भासते, आणि केवळ वर्गणीदारांची यादी असलेल्या मंडळाला संस्थेचे रूप येते. आयर्लंडमधील कॉर्क बंदरात १७२० साली निघालेला ‘वॉटर क्लब’ हा आजच्या रॉयल कॉर्क यॉट क्लबचा पूर्वज असून तो या परंपरेचा सर्वांत जुना धागा मानला जातो. पण तिचा जिवंतपणा पाहायचा तर एखाद्या खाडीकाठच्या, स्वतःचा पगारी नोकर नसलेल्या लहान क्लबाकडेच वळावे.

हंगाम संपल्याची खूण म्हणजे ‘लेइंग-अप सपर’, अर्थात नौका विसाव्याला ठेवण्याच्या निमित्ताने होणारे सामुदायिक जेवण, ज्यात वर्षभरातील शर्यतींची पारितोषिके वाटली जातात. त्याची जोड ‘फिटिंग-आउट सपर’ ही वसंतात, नौका पुन्हा सजवताना होते. या दोन जेवणांच्या मधल्या काळात संध्याकाळी नकाशावाचन, भरती-ओहोटीचे गणित आणि जहाजांच्या दिव्यांचे नियम यांचे वर्ग चालतात, कोणी आपल्या सफरीची छायाचित्रे दाखवतो, आणि एखाद्या रविवारी सभासद कुटुंबांसह किनाऱ्याने किंवा नदीकाठाने लांब पायी फेरी काढून शेवटी गावातल्या पबमध्ये गरम जेवणाला बसतात. या हिवाळी सहलीचे मोल केवळ करमणुकीत मोजणे चुकीचे ठरेल. उन्हाळ्यात ज्यांची केवळ शिडेच ओळखीची होती ती माणसे येथे प्रथम निवांत बोलतात, आणि कोणाच्या नौकेत ओल धरली आहे, कोणाला डोलकाठी उतरवायला चार हात हवे आहेत, हे येथेच ठरते.

कामाचा मुख्य दिवस नौका उचलण्याचा. क्लब एक-दोन दिवसांसाठी क्रेन भाड्याने घेतो, भरतीच्या वेळा पाहून क्रम लावतो आणि एकामागून एक नौका रुंद पट्ट्यांच्या झोळीत उचलून आवारात आणल्या जातात. पाण्याबाहेर येताच बुडाला चिकटलेले शेवाळ आणि शंखवर्गीय जीव ओले असतानाच पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने काढले जातात, कारण ते एकदा वाळले की दगडासारखे घट्ट बसतात. यानंतरची पायरी सर्वांत जोखमीची असते. कील, म्हणजे नौकेच्या तळाखाली बसवलेला शिशाचा किंवा लोखंडाचा जड कणा, जो वाऱ्याच्या दाबाखाली नौकेला उलटू देत नाही, त्यावरच नौकेचा सारा भार लाकडी ठोकळ्यांमार्फत जमिनीवर उतरला पाहिजे. बाजूंचे टेकू तोल सावरण्यापुरतेच असतात. टेकूंवर भार गेला तर पातळ कवचाला आतून खळगा पडतो. नवख्यांना पहिली ताकीद दिली जाते ती ताडपत्रीविषयी: तिचे दोर टेकूंना कधीही बांधायचे नाहीत. रात्री वादळ झाले, ताडपत्री वाऱ्याने फुगली आणि तिने टेकू ओढून काढला, तर काही टनांची नौका शेजारच्या नौकेवर कोसळते, आणि मग एकीच्या पाठोपाठ अख्खी रांग आडवी होऊ शकते.

हिवाळ्याचा खरा शत्रू गोठणारे पाणी हा आहे. पाण्याचा बर्फ होताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते, आणि इंजिनाच्या पोकळीत किंवा नळीत राहिलेले थोडेसे पाणीही ओतीव लोखंडाला तडा देऊ शकते. म्हणून थंड करण्याच्या यंत्रणेतून पाणी पूर्ण काढतात किंवा तीत गोठणरोधक द्राव खेळवतात. इंजिनाचे तेल वसंतात नव्हे, मुक्कामापूर्वीच बदलतात, कारण जुन्या तेलातील आम्ले थांबलेल्या इंजिनाचे भाग हळूहळू खातात. शिडे गोड्या पाण्यात धुऊन, वाळवून घरी नेली जातात. जस्ताच्या वड्या तपासल्या जातात. समुद्राच्या पाण्यात दोन वेगळे धातू जवळ आले की त्यांतील एक झिजतो, तेव्हा तो मान मुद्दाम लावलेल्या जस्ताला मिळावा, हे तत्त्व हम्फ्री डेव्ही यांनी १८२४ मध्ये युद्धनौकांच्या तांब्याच्या पत्र्यासाठी मांडले होते, आणि आजच्या लहान नौकांचा पंखाही त्यावरच टिकतो.

लाकडी नौका आणि काचतंतूची नौका यांचा हिवाळा मात्र परस्परविरुद्ध असतो. काचतंतूच्या कवचात पाणी सूक्ष्म प्रमाणात झिरपते, आतील रसायनांशी त्याची प्रक्रिया होऊन फोड येतात, म्हणून काही महिने कोरड्यावर वाळणे हे तिला औषध आहे. फळ्यांच्या नौकेला तेच वाळवण मारक ठरते: फळ्या आकसतात, सांधे उघडतात, आणि वसंतात पाण्यात सोडताच तिच्यात धारा लागतात. अनुभवी मालक तेव्हा घाबरत नाही. तो नौका रात्रभर झोळीतच ठेवतो, पंप चालू ठेवतो, आणि लाकूड फुगून सांधे आपोआप मिटेपर्यंत वाट पाहतो.

बुडाच्या रंगाचा इतिहास क्लबांना फारसा भूषणावह नाही. शेवाळ धरू नये म्हणून वापरल्या जाणाऱ्या रंगांतील ट्रायब्युटिल टिन या विषाने फ्रान्सच्या आर्काशों उपसागरातील कालवांची पैदास उद्ध्वस्त केली. फ्रान्सने १९८२ मध्ये आणि ब्रिटनने १९८७ मध्ये लहान नौकांवर त्याला बंदी घातली, तर तिला जागतिक कराराचे बळ २००८ मध्ये मिळाले. आज बहुधा तांबेयुक्त रंग वापरतात, आणि खरवडलेला जुना रंग खाडीत न जाऊ देता गोळा करणे हे सभासदाचे कर्तव्यच मानले पाहिजे.

काही मंडळींना थंडीतही पाण्याबाहेर राहवत नाही. २ जानेवारी १९३२ रोजी न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर पोर्ट वॉशिंग्टन येथे लहान होड्यांची शर्यत झाली आणि ‘फ्रॉस्टबाइट’, म्हणजे हिमदंश, या नावाने हिवाळी शर्यतींची प्रथा रूढ झाली. तिच्यात धाडस आहेच. परंतु गारठलेल्या पाण्यात पडलेल्या माणसाच्या हातांतील बळ काही मिनिटांत ओसरते, म्हणून उबदार पोशाख आणि सज्ज बचावनौका यांवाचून ती भरवणे अक्षम्य ठरते.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर हाच क्रम उलट्या ऋतूत दिसतो. १८४६ मध्ये स्थापन झालेल्या रॉयल बॉम्बे यॉट क्लबच्या मुंबईत विसाव्याचा काळ पावसाळा हा आहे. कोकणात मासेमार नौका किनाऱ्यावर ओढून शाकारल्या जातात, यांत्रिक नौकांच्या मासेमारीला १ जून ते ३१ जुलै बंदी असते, आणि नारळी पौर्णिमेला समुद्राची पूजा होते. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’तही आरमाराच्या प्रकरणात पावसाळी छावणीविषयी स्वतंत्र सूचना आहेत.

परदेशी स्थायिक झालेल्या ज्या मराठी वाचकांना शिडाच्या नौकेचे आकर्षण आहे, पण स्वतःची नौका घेण्याची ऐपत किंवा सवड नाही, त्यांनी जवळच्या क्लबाकडे जूनमध्ये नव्हे, ऑक्टोबरात जावे. तेव्हा टेकू धरायला, बूड खरवडायला माणसे हवी असतात, आणि जो हिवाळ्यात हात लावतो त्याला वसंतात कोणाच्या ना कोणाच्या नौकेवर जागा मिळते.