डोंगरातली राज्यं : भाग ५
जयबा मुकणे आणि बैलाचं कातडं

मागच्या आठवड्यात देवगिरीच्या यादवांचा शेवट पाहिला. १२९६ ला अलाउद्दीनाचा हल्ला झाला आणि १३१८ पर्यंत राज्य संपलं. पण देवगिरी पडली म्हणून सह्याद्री लगेच दिल्लीचा झाला नाही. घाटाखाली उत्तर कोकणात आपापल्या मुलखावर कोळी आणि वारली नाईक कायम होते. त्यांच्यातूनच जव्हारचं राजघराणं उभं राहिलं, आणि या उभारणीत आपल्या सुरतेकडचा मुलूखही येतो.

या घराण्याचा मूळ पुरुष जयबा. थळ घाटाजवळच्या मुकणे गावात त्याची मातीची लहानशी गढी होती. नाशिककडचा माल याच घाटानं कोकणातल्या बंदरांकडे उतरायचा. घाटाच्या तोंडाशी बसलेल्या माणसाकडे जमीन थोडी असली तरी वाट त्याच्या हातात असते. परंपरा सांगते, की पिंपरीच्या देवस्थानी पाच कोळी भिक्षेकऱ्यांनी त्याला जव्हारचा राजा म्हणून मुजरा केला. त्यानं माणसं जमवली आणि तो उत्तरेकडे निघाला. पेठ आणि धरमपूरच्या लोकांनी त्याला मान्यता दिली. पुढे सुरत, तिथून काठेवाड, आणि तिथे सात वर्षं मुक्काम. जमिनीच्या वाटेनं काठेवाडला जायचं तर तापी ओलांडावीच लागते, आणि सुरतेतलं आपलं कोसाड तापीच्या उत्तरेलाच आहे. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीची ही भटकंती मला सगळ्यात मोलाची वाटते. गढीतला नाईक मुलूखगिरी शिकला तो याच वर्षांत.

परत आल्यावरची गोष्ट मात्र सगळ्यांना ठाऊक असते. जव्हारच्या वारली नाईकाकडे त्यानं बैलाच्या कातड्यात मावेल एवढी जमीन मागितली. नाईक हो म्हणाला. जयबानं कातड्याच्या बारीक वाद्या काढल्या, जोडल्या आणि नाईकाचं ठाणंच वेढलं. हीच कथा भूमध्य समुद्राकाठी कार्थेज वसवणाऱ्या राणी डायडोबद्दलही सांगतात.

जरा हिशेब करून पाहू. बैलाचं कातडं धरा चार चौरस मीटर. दोन मिलिमीटर रुंदीची अखंड वादी काढली, तर ती भरेल दोन किलोमीटर. तिचं गोल रिंगण घातलं की आत येते जेमतेम ऐंशी एकर जमीन. गढी, देऊळ आणि भोवतीची वस्ती एवढ्यात बसेल, पण राज्य बसणार नाही. संस्थान विलीन झालं तेव्हा जव्हारचं क्षेत्रफळ सुमारे आठशे चौरस किलोमीटर होतं.

मग बाकीचा मुलूख कशानं मिळाला? उत्तर कथेच्या शेपटाशी आहे आणि सांगणारे नेमकं तेच गाळतात. जयबानं वारली नाईकाला गंभीरगड आणि त्याच्या आसपासचा मुलूख दिला. ज्याला निव्वळ फसवलं, त्याला कोणी किल्ला देत नाही. माझ्या मते हा तह होता : एकानं जव्हारचं पठार सोडलं, दुसऱ्यानं डहाणूकडचा गड मान्य केला. पण हा तह बरोबरीचा नव्हता. हातातून गेलेलं जव्हार वारल्यांना परत मिळालं नाही, आणि कथेत त्या नाईकाचं नावसुद्धा उरलं नाही. ही गोष्ट आपण राजाच्या बाजूनंच ऐकत आलो, याची खंत वाटते.

राजेपणावर शिक्का बसला तो जयबाचा मुलगा नेमशाह याच्या काळात. १३४३ मध्ये दिल्लीच्या सुलतानानं नेमशाहाला राजा हा किताब दिला. तेव्हा गादीवर महंमद तुघलक होता आणि दख्खनवरची त्याची पकड सुटत चालली होती. चारच वर्षांत बहमनी राज्य उभं राहिलं. अशा वेळी घाटवाटा राखणारा नाईक आपला म्हणवून घेणं सुलतानालाही सोयीचंच होतं. जव्हारनं मात्र त्या दिवसापासून, ५ जून १३४३ पासून, स्वतःचा शक सुरू केला आणि पुढे तो दरबारी कागदांवर चालवला.

पुढच्या आठवड्यात याच घराण्यातला विक्रमशाह. १६६४ साली सुरतेकडे निघालेल्या शिवाजी महाराजांची त्यानं शिरपामाळला भेट घेतली, आणि १६७२ साली महाराजांच्याच मोरोपंत पिंगळ्यांनी त्याचंच जव्हार जिंकलं.