मोबाइलचे नियम कोण लिहिते?

दुबईत नोकरी करणारा कोकणातला माणूस सुटीवर येताना तिकडचा हँडसेट बरोबर आणतो. रत्नागिरीला पोहोचल्यावर त्यात इथले सीम कार्ड घालतो आणि फोन सुरू होतो. हँडसेट एका देशात बनलेला, टॉवरवरची यंत्रसामग्री दुसऱ्या देशातली, सेवा देणारी कंपनी तिसरीच. तरीही सर्वांचे जमते, कारण या सर्वांनी आधीच एकत्र बसून एक समान नियमावली मान्य केलेली असते. तिला तांत्रिक मानक म्हणतात. ही मानके सरकार तयार करते असा अनेकांचा समज आहे. प्रत्यक्षात ती मुख्यतः कंपन्यांचे इंजिनियरच लिहितात. हे काम कसे चालते आणि त्यात नफा-तोटा कोणाचा होतो, हे आमच्या व्यापारी वाचकांना ठाऊक असायला हवे.

युरोपचा अनुभव

१९८० च्या दशकात युरोपातील देशांच्या मोबाइल पद्धती वेगवेगळ्या होत्या. ब्रिटनचा फोन जर्मनीत चालत नसे. बाजार लहान, म्हणून माल महाग. १९८२ मध्ये युरोपीय देशांच्या टपाल व दूरसंचार खात्यांच्या परिषदेने एक समिती नेमली. तिच्या कामातून जीएसएम हे मानक तयार झाले. ७ सप्टेंबर १९८७ रोजी कोपनहेगन येथे १३ देशांतील दूरसंचार सेवा चालवणाऱ्यांनी करार केला की, १९९१ मध्ये आम्ही हीच पद्धत सुरू करू. हा करार मोठा मोलाचा ठरला. माल बनवला तर गिऱ्हाईक नक्की आहे, अशी खात्री कारखानदारांना मिळाली. १९८८ मध्ये एट्सी ही युरोपीय मानक संस्था स्थापन झाली व पुढे हे काम तिच्याकडे आले. १ जुलै १९९१ रोजी फिनलंडमध्ये जीएसएमवरचा पहिला फोन झाला. चार वर्षांनी, ३१ जुलै १९९५ रोजी, पश्चिम बंगालचे तत्कालीन मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीत केंद्रीय मंत्री सुखराम यांना भारतातील पहिला मोबाइल फोन केला, तोही जीएसएमवरच.

काम कसे चालते?

१९९८ मध्ये निरनिराळ्या मानक संस्थांनी मिळून थ्री-जीपीपी हा संयुक्त मंच उभा केला. आज त्यात युरोप, अमेरिका, चीन, कोरिया व भारत यांची प्रत्येकी एक आणि जपानच्या दोन अशा सात संस्था आहेत. भारताची संस्था टीएसडीएसआय होय. कंपन्या या संस्थांमार्फत सभासद होतात आणि आपले इंजिनियर बैठकांना पाठवतात.

काम तीन टप्प्यांत होते. ग्राहकाला कोणती सेवा हवी, हे प्रथम ठरते. मग त्यासाठी जाळ्याची रचना कशी असावी, ते ठरते. शेवटी फोन आणि टॉवर यांनी एकमेकांना कोणता संदेश कोणत्या क्रमाने पाठवायचा, याचा बारीकसारीक तपशील लिहिला जातो. प्रत्येक मुद्द्यावर कंपन्या लेखी प्रस्ताव आणतात. शक्यतो सर्वसंमतीने निर्णय होतो. एकमत झालेच नाही तर मतदान होते आणि प्रस्तावाला ७१ टक्के मते लागतात. ठरलेल्या मुदतीला त्या आवृत्तीचे काम गोठवले जाते, म्हणजे कारखान्यांना त्यावरून माल बनवता येतो. फाइव्ह-जीची पहिली पूर्ण नियमावली अशा रीतीने २०१८ मध्ये, पंधराव्या आवृत्तीत तयार झाली.

पैसा कोठे आहे?

या नियमावल्या कोणालाही फुकट वाचता येतात. पण त्यातील युक्त्यांवर कंपन्यांची पेटंटे असतात. ज्याची युक्ती मानकात शिरली, त्याला प्रत्येक हँडसेटमागे रॉयल्टी मागता येते. म्हणून बैठकीतील एकेका वाक्यासाठी कंपन्या भांडतात. पेटंटधारकाने वाजवी दराने आणि भेदभाव न करता परवाना द्यावा, असे बंधन असते. मात्र 'वाजवी' म्हणजे किती, यावरून वाद कोर्टात जातात. एरिक्सन कंपनीने २०१३ मध्ये मायक्रोमॅक्सविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला. २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने लावा कंपनीला एरिक्सनला सुमारे २४४ कोटी रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. जो नियम लिहिण्याच्या वेळी हजर नसतो, त्याला पुढे बिल भरावे लागते, ते असे.

भारताचा धडा

आपल्या खेड्यांची गरज वेगळी आहे. टॉवर मोठ्या गावात आणि वस्त्या चार-पाच किलोमीटरवर विखुरलेल्या. फाइव्ह-जीच्या ग्रामीण चाचणीत मात्र दोन टॉवरमधील अंतर पावणेदोन किलोमीटरच्या आसपास धरले होते. भारताने आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाकडे आग्रह धरून सहा किलोमीटर अंतराची चाचणी मान्य करून घेतली. मद्रास व हैदराबाद येथील आयआयटींच्या संशोधकांच्या मदतीने फाइव्ह-जी-आय हे मानक तयार झाले आणि २०२१ मध्ये संघाने ते स्वीकारले. मग नवी अडचण आली. मोबाइल कंपन्या म्हणाल्या, भारतासाठी निराळे हँडसेट व निराळी यंत्रे कोण बनवणार? महाग पडेल. अखेर २०२१ च्या डिसेंबरमध्ये हे भारतीय तंत्र थ्री-जीपीपीच्या सतराव्या आवृत्तीत सामावून घेण्याचे ठरले.

आमच्या मते यातून दोन गोष्टी शिकाव्यात. वेगळी चूल मांडली तर माल महागतो, आणि पंगतीला गेलोच नाही तर आपली गरज ताटात येत नाही. सिक्स-जीचे काम आता सुरू झाले आहे. आपल्या घरातील मुले-मुली दूरसंचार इंजिनियरिंग शिकत असतील, तर दुरुस्ती आणि विक्री यांच्या पलीकडे हेही एक करण्याजोगे काम आहे, एवढे त्यांच्या कानावर घालावे.