पायातले वजन

थंडीच्या दिवसांत एखाद्या सकाळी महाबळेश्वरहून बातमी येते की, वेण्णा तलावाच्या काठावर दवबिंदू गोठले. सोबत छायाचित्र असते. धक्क्याच्या लाकडी फळ्यांवरचे पांढरे कण कुणीतरी नखाने खरवडून दाखवीत असते. उन्हे वर आली की तो बर्फ संपतो. सातारा-सांगलीच्या माणसाची बर्फाशी ओळख एवढीच. उरलेला सगळा बर्फ रसवंतीगृहातला.

असे असूनही याच भागातली मुले-मुली आज हिमालयात जातात. साताऱ्याच्या प्रियांका मोहिते यांनी २०१३ मध्ये एव्हरेस्ट गाठले. पुढे ल्होत्से, मकालू, २०२१ मध्ये अन्नपूर्णा आणि २०२२ मध्ये कांचनजंगा. आठ हजार मीटरवरील पाच शिखरे चढणारी पहिली भारतीय महिला म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. त्यांच्यासारखे काही मोजके शिखरांवर जातात, बाकीचे डिसेंबरच्या सुट्टीत मिरजेहून दिल्लीची गाडी पकडून केदारकंठासारख्या बर्फातल्या वाटांवर. अशा वेळी घरात सामानाची यादी येते. लोकरी टोपी, हातमोजे इथपर्यंत आईला समजते. मग एक शब्द येतो : क्रॅम्पॉन. बुटाच्या तळाला बांधायचे काटे. दुकानात दोन जोड्या पुढे येतात. एक पोलादी, हातात जड लागणारी. दुसरी ॲल्युमिनियमची, जणू डब्याच्या झाकणासारखी हलकी. कोणती घ्यावी?

हा प्रश्न वाटतो तितका परका नाही. कृष्णाकाठी उसाचा हंगाम सुरू झाला की गाडीच्या बैलांना पत्र्या मारतात. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून एका पायाला दोन, चार पायांना आठ. शेतात राबणाऱ्या बैलाला त्यांची तशी गरज नसते. माती खुराला धरून ठेवते. पण डांबरी सडकेवर उसाची भरलेली गाडी ओढायची तर खूर झिजतो, पाय घसरतो. पत्री मारणारा म्हणूनच आधी विचारतो, बैल कुठे चालणार? पायाखाली काय आहे, यावरून पायात काय घालायचे ते ठरते. आल्प्स पर्वतातल्या लोहारांनाही हेच उमगले होते.

पूर्वी तिकडचे गिर्यारोहक तळाला खिळे ठोकलेले बूट घालून चढत आणि टणक बर्फ लागला की कुऱ्हाडीने पायऱ्या खोदत. १९०८ च्या सुमारास ऑस्कर एकेनस्टाइन या इंग्रज गिर्यारोहकाने बुटाखाली बांधायच्या दहा काट्यांच्या सांगाड्याचा आराखडा केला आणि इटलीतल्या कूरमायर गावच्या हेन्री ग्रिव्हेल या लोहाराने तो घडवला. १९२९ मध्ये त्याच घराण्यातल्या लॉरेंट ग्रिव्हेलने पुढच्या बाजूला आडवे दोन काटे वाढवले. आता चवडा बर्फात रोवून सरळ वर चढता येऊ लागले.

त्या दोन काट्यांनी काय फरक पडतो, हे १९३८ च्या जुलैत स्वित्झर्लंडमधल्या आयगरच्या उत्तर भिंतीवर दिसले. हाइनरिश हारर आणि फ्रिट्झ कास्पारेक पुढे निघाले होते. कास्पारेककडे दहा काट्यांचे जुने क्रॅम्पॉन होते, हाररकडे नव्हतेच. खिळ्यांचे बूट पुरतील, असा त्याचा हिशेब होता. दोघे पायऱ्या खोदत चालले. मागून एक दिवस उशिरा निघालेल्या हेकमायर आणि फ्योर्ग यांच्या पायांत बारा काट्यांचे नवे क्रॅम्पॉन होते. त्यांनी काही तासांत या दोघांना गाठले. पुढे चौघे एका दोरावर आले आणि शिखर सर झाले. घरी ठेवलेले क्रॅम्पॉन सर्वांत हलके खरे, पण ते सर्वांत महागही पडू शकतात.

मग सर्वांत मजबूत तेच का घेऊ नयेत? कारण वजन. गिर्यारोहकांत जुनी म्हण आहे, पायातले एक किलो पाठीवरच्या पाचांना भारी. पाठीवरचे ओझे एकदा उचलले की झाले. पायातले दर पावलाला उचलावे लागते. बारा काट्यांच्या पोलादी जोडीचे वजन साधारण नऊशे ग्रॅम भरते. ॲल्युमिनियमची जोडी त्याच्या निम्म्यात बसते, काही तर चारशे ग्रॅमच्याही आत.

या हलक्या जोड्या मुख्यतः बनतात त्या स्की-टूरिंगसाठी. गुलमर्गला किंवा औलीला आपण पाहतो ते स्कीइंग म्हणजे पाळण्यात बसून वर जायचे आणि घसरत खाली यायचे. स्की-टूरिंगमध्ये पाळणा नाही. स्कीच्या तळाला केसाळ पट्टी चिकटवतात. ती पुढे सरकते, मागे घसरत नाही. टाच मोकळी ठेवून डोंगर पायीच चढायचा आणि माथ्यावरून पट्टी काढून उतरायचे. वाटेत एखादा उतार उभा आणि काचेसारखा टणक लागतो, तिथे पट्टी धरत नाही. तेवढ्यापुरते स्की पाठीवर बांधायचे आणि बुटांना क्रॅम्पॉन लावायचे. म्हणजे दिवसभराच्या चालीत त्यांचे काम कधी अर्ध्या तासाचे, कधी तेवढेही नाही. बाकी वेळ ते पिशवीत पडून राहणार. तिथे हलकेपणाला मोल आहे.

काही जोड्यांत पुढचा आणि मागचा भाग धातूच्या पट्टीऐवजी मजबूत दोरीने जोडतात. वजन वाचते आणि घडी मुठीएवढी होते.

मात्र या हलकेपणाची किंमत मोजावी लागते. ॲल्युमिनियम पोलादाच्या सुमारे एक-तृतीयांश वजनाचे, पण मऊ. भुसभुशीत वा घट्ट हिमावर ते उत्तम चालते. खडकावर चाललात की काटे बोथट होतात, जुन्या निळसर बर्फावर आपटलेत तर वाकतात. म्हणून काही कारखाने पुढचा भाग पोलादाचा आणि टाचेचा ॲल्युमिनियमचा ठेवतात. स्कीच्या बुटाला टाचेशी आणि चवड्याशी खाच असते, तिच्यात क्रॅम्पॉन घट्ट बसतो. सह्याद्रीत वापरलेल्या हंटर शूजसारख्या लवचिक कापडी बुटावर तोच क्रॅम्पॉन ढिला होतो आणि ऐन उतारावर निसटतो.

आणखी एक गल्लत जिवावर बेतू शकते. हिवाळी ट्रेकमध्ये भाड्याने मिळणारी, रबरी पट्ट्याला साखळ्या आणि बारीक दाते असलेली वस्तू बरेच जण क्रॅम्पॉन म्हणूनच ओळखतात. सपाट किंवा सौम्य उताराच्या निसरड्या वाटेवर ती चांगली. पण तिला पुढचे काटे नाहीत, ती बुटाला जखडलेली नाही. उभ्या, टणक उतारावर तिच्या भरवशावर पाऊल टाकणे म्हणजे घसरण्याला आमंत्रण.

तेव्हा लेकरू बर्फात निघाले असेल तर किमतीआधी चार गोष्टी विचाराव्यात. वाट सौम्य आहे की उभी? बर्फ ताजा की जुना, टणक? मधे खडक लागतो का? आणि बूट कोणता? शिखरावर जायचे, खडक-बर्फ मिसळलेला, तर पोलादच. स्कीवरून हिमातली चाल असेल तर हलकी जोडी खुशाल घ्यावी. बुटावर बसवून घरीच पाहावी, पाय जोरात झटकला तरी निघता कामा नये. तळाशी हिमाचा गोळा साचू नये म्हणून लावलेला प्लॅस्टिकचा पत्रा आहे ना, हेही पाहावे. तो गोळा काट्यांना निकामी करतो.

काटे घेऊन चालणे मात्र दुकानात विकत मिळत नाही. पाय किंचित फाकवून टाकावे लागतात, नाहीतर एका पायाचा काटा दुसऱ्या पायाच्या विजारीत अडकतो. घसरलो तर पाय वर धरायचे, कारण काटा बर्फात रुतला की माणूस उलटा फेकला जातो. हे उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेसारख्या ठिकाणी उतारावर पुन्हा पुन्हा पडून शिकवतात. १९६५ पासून ती संस्था हे काम करते आहे.

पत्री मारणारा बैलाला दोरीने पाडतो, खूर हातात घेतो, तासून सारखा करतो आणि मगच खिळा उचलतो. त्याला घाई नसते. पुढचा सगळा हंगाम त्या आठ पत्र्यांवर चालायचा असतो. हिमालयाच्या गाडीत बसणाऱ्या मुलाच्या बुटाकडे आपणही तितक्याच सवडीने पाहायला हवे.