रिसीव्हरची बडबड आणि विहिरीवरची मोटर

आपल्या आटपाडीकडं डाळिंबाची बाग ठिबकवर, विहीर घरापासून लांब आणि लाईट कधी कधी रात्रीची. म्हणून बरीच पोरं विचारतात, "मोटर चालू-बंद करायला 433 मेगाहर्ट्झचा स्वस्त रेडिओ चालेल का?" चालेल की. पण आधी त्या रिसीव्हरचा स्वभाव समजून घ्या.

ट्रान्समीटर बंद ठेवून रिसीव्हरची डेटा पिन तपासा. तिथं 0 आणि 1 चा नुसता पाऊस दिसेल. मॉड्यूल खराब नाहीये. सिग्नल मिळाला नाही, की हा रिसीव्हर गेन आपोआप वाढवतो, म्हणजे कान आणखी टवकारतो. मग हवेतला आणि स्वतःच्या सर्किटमधला गोंगाटही त्याला मोठा ऐकू येतो. तोच तो पिनवर सोडतो.

पहिला उपाय हार्डवेअरचा. रिसीव्हरला 17.3 सेंटीमीटरची सरळ वायर अँटेना म्हणून लावा आणि सप्लायच्या पिनांजवळ 100 नॅनोफॅरडचा कपॅसिटर बसवा. डेटा लाईनवर 10 किलोओहमचा रेझिस्टर आणि 10 नॅनोफॅरडचा कपॅसिटर लावला, तर 100 मायक्रोसेकंदांचा फिल्टर तयार होतो. आपला एक बिट 500 मायक्रोसेकंदांचा असेल, तर तो सुखरूप जातो आणि बारीक टोकं बोथट होतात.

पण बिटाएवढाच लांब गोंगाट आला तर? तो फिल्टरला ओळखू येत नाही. म्हणून खरं काम सॉफ्टवेअरचं. शेळ्या-मेंढ्यांच्या बाजारात कितीही कालवा असू दे, आपल्या नावानं हाक आली की मान वळतेच. तसंच इथं.

'रेडिओहेड' लायब्ररी काय करते बघा. निरोपाआधी 36 बिट आलटून-पालटून 1-0 पाठवते. तेवढ्यात रिसीव्हरचा गेन स्थिरावतो. मग ठरलेली 12 बिटांची खूण, मग निरोप, शेवटी 16 बिटांची बेरीज-तपासणी. प्रत्येक बिट 8 वेळा पाहिला जातो. खूण जुळूनही पुढं निव्वळ कचरा आला, तर तो या तपासणीतून निसटायची शक्यता साधारण 65,536 मध्ये एक. निरोपात आपल्या मोटरचा नंबर घाला, म्हणजे शेजाऱ्याच्या रिमोटनं आपली मोटर हलणार नाही.

माझा एक नियम लिहून ठेवा: 'बंद' एकदा आलं तरी लगेच ऐकायचं, 'चालू' मात्र लागोपाठ दोनदा आल्याशिवाय ऐकायचं नाही. पाणी थोडं उशिरा आलं तर बाग सोसेल. पण विहिरीत कोणी फूटव्हॉल्व्ह काढत असताना मोटर सुरू झाली, तर जीवाशी खेळ.

आणि हो, कितीही गाळलं तरी रेडिओवर जीव टाकायचा नाही. मोटरला हात लावण्याआधी मेन स्विच खाली पाडायचा आणि फ्यूज काढून खिशात ठेवायचे. चला, भेटू पुढच्या भागात!